ओहायोच्या रानातली पंधरा मिनिटे

२७ मे १७५४ची रात्र. उत्तर अमेरिकेतल्या ॲलेघेनी डोंगरांच्या पश्चिम उतारावर पाऊस कोसळत होता. काळोख इतका दाट, की एका रांगेत चाललेली माणसे एकमेकांवर आदळत होती. सात जण वाट चुकून मागेच राहिले. चाळीसेक जणांच्या त्या तुकडीचा प्रमुख बावीस वर्षांचा होता. नाव जॉर्ज वॉशिंग्टन, हुद्दा व्हर्जिनिया वसाहतीच्या पलटणीतला लेफ्टनंट कर्नल. लढाई त्याने अजून पाहिलेली नव्हती. पहाटे तो टानाग्रिसन या सेनेका जमातीच्या म्होरक्याच्या तळावर पोचला. दोघांचे बोलणे झाले आणि टानाग्रिसनच्या माणसांनी काढलेल्या मागावरून सगळे एका खडकाळ घळीशी आले. खाली पस्तीसेक फ्रेंच सैनिक नुकते उठून न्याहारीच्या तयारीत होते.

पुढचा प्रकार पंधरा मिनिटांत आटोपला. दहा फ्रेंच मेले, एकवीस पकडले गेले. त्यांचा अधिकारी जोसेफ कुलाँ द जुमोनव्हिल जखमी होऊन पडला होता. त्याच्याजवळ एक पत्र होते: हा मुलूख फ्रान्सच्या राजाचा आहे, इंग्रजांनी तो सोडून जावे. हा तर वकील म्हणून आला होता, असे फ्रेंच पुढे सांगत राहिले. वकील रानात दडून बसत नसतो, असे इंग्रज म्हणत राहिले. पत्राचा मजकूर समजावला जात असतानाच टानाग्रिसनने पुढे होऊन कुऱ्हाडीने जुमोनव्हिलचे डोके फोडले, असे त्या सकाळच्या एका वृत्तान्तात आहे. त्या दिवशी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध नव्हते. लंडन आणि पॅरिसच्या दरबारांत एकमेकांचे वकील मानाने वावरत होते.

या घळीतल्या गोळीबाराने जगाला आग लावली, असे इंग्रजी इतिहासकार पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. मला ते अर्धेच पटते. सरहद्दीवरच्या रानात असे बार त्या काळी पुष्कळ उडत आणि तिथेच विझत. हा विझला नाही, कारण त्या वेळी जगात तीन वेगवेगळी भांडणे धुमसत होती. एक ओहायो नदीच्या खोऱ्याचे. दुसरे मध्य युरोपातल्या सायलेशिया प्रांताचे. तिसरे आपल्याकडे, कर्नाटक आणि दख्खनच्या गादीवर कोणाचा माणूस बसवायचा याचे. तिन्हींची माणसे निराळी, कारणे निराळी. पण आपले भांडण दुसऱ्याच्या भांडणाला बांधले तर आपला फायदा होईल, असे प्रत्येक ठिकाणी कोणाला तरी वाटले. त्या गाठींचीच ही हकीकत आहे.

ओहायोचे मोल एका संगमात होते. मोनोंगहेला आणि ॲलेघेनी या दोन नद्या मिळून ओहायो होते आणि ती मिसिसिपीला जाऊन मिळते. फ्रेंचांची एक वसाहत उत्तरेला क्वेबेक-माँट्रियलकडे, दुसरी दक्षिणेला मिसिसिपीच्या मुखाशी न्यू ऑर्लिन्सला. ओहायो हा या दोहोंना जोडणारा दोर. न्यू फ्रान्सची वस्ती साठ-सत्तर हजारांच्या घरात, तर समुद्रकाठच्या इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून जास्त माणसे. त्या माणसांना जमीन हवी होती. व्हर्जिनियातल्या बड्या लोकांनी ओहायो कंपनी काढून इंग्लंडच्या राजाकडून दोन लाख एकरांची सनद मिळवली. व्हर्जिनियाचा कारभार पाहणारा रॉबर्ट डिनविडी स्वतः त्या कंपनीचा भागीदार होता. फ्रान्सचे उत्तर १७४९मध्येच आले होते: सेलोराँ नावाचा अधिकारी नदीकाठाने फिरला आणि जागोजाग शिशाचे पत्रे पुरून आला, त्यांवर मालकी फ्रेंच राजाची असल्याचे कोरलेले. ज्यांची ती जमीन पिढ्यान् पिढ्या होती, त्यांना कोणीच विचारले नाही.

म्हणून टानाग्रिसनच्या कुऱ्हाडीकडे रानटीपणा म्हणून पाहणे मला अन्यायाचे वाटते. सहा जमातींच्या इरोक्वा संघाच्या वतीने तो ओहायोच्या लोकांत वावरत होता आणि त्याचे वजन दिवसेंदिवस घटत होते. फ्रेंच किल्ल्यांमागून किल्ले बांधत होते, इंग्रज नुसते बोलत होते. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात परतीची वाट उरू नये, यातच त्याला आपले हित दिसत असावे. ते साधले, पण त्यात त्याच्या लोकांचे भले झाले नाही. तो स्वतः त्याच वर्षी ऑक्टोबरात वारला.

जुमोनव्हिलचा भाऊ लुई कुलाँ द व्हिलिए सूड घ्यायला निघाला. वॉशिंग्टनने एका गवताळ मैदानात घाईने लाकडी गढी उभारली होती. ३ जुलैला दिवसभर पावसात लढाई झाली. खंदकात पाणी, दारू भिजलेली. रात्री शरणपत्र आले, फ्रेंचमध्ये. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हते. एका डच माणसाने मेणबत्तीच्या उजेडात, भिजलेल्या कागदावरचे शब्द जमतील तसे उलगडून सांगितले आणि वॉशिंग्टनने सही केली. जुमोनव्हिलचा खून करण्यात आला, असे त्या कागदात लिहिलेले होते. गढीत वॉशिंग्टनची रोजनिशीही फ्रेंचांच्या हाती लागली. पुढे पॅरिसच्या सरकारने ती छापून साऱ्या युरोपला दाखवली: पाहा, सुरुवात कोणी केली.

लंडनमध्ये मुख्य मंत्री होता ड्यूक ऑफ न्यूकॅसल. त्याला मोठे युद्ध नकोच होते. दोन पलटणी अमेरिकेत धाडू, ओहायोच्या संगमावरचा फ्रेंचांचा किल्ला फोर्ट ड्युकेन घेऊ, एवढाच त्याचा बेत. जनरल ब्रॅडॉक त्या दोन पलटणी घेऊन निघाला. फ्रान्सनेही मग सहा बटालियन जहाजांवर चढवल्या. ती जहाजे अडवायला इंग्रजांनी ॲडमिरल बॉस्कवेन याला न्यूफाउंडलंडच्या समुद्रात पाठवले. ८ जून १७५५ला धुक्यात वाट चुकलेली तीन फ्रेंच जहाजे त्याला दिसली. ‘आल्सिद’ जहाजाच्या कप्तानाने ओरडून विचारले, आपल्यात शांतता आहे की युद्ध? शांतता, असे उत्तर आले आणि पाठोपाठ तोफा उडाल्या, असे सांगतात. दोन जहाजे पकडली गेली. त्या वर्षअखेरपर्यंत इंग्रज आरमाराने फ्रान्सची सुमारे तीनशे व्यापारी जहाजे धरली. युद्ध अजूनही जाहीर नव्हते. ब्रॅडॉक मात्र ९ जुलैलाच मोनोंगहेलाच्या काठी फौज गमावून बसला आणि त्या जखमांनी मेला. त्याच्या चौदाशेच्या आसपास माणसांपैकी नऊशेच्या वर मेली किंवा जखमी झाली. वॉशिंग्टन त्याही लढाईत होता. दोन घोडे त्याच्याखाली पडले, तो वाचला.

इथवरही हे युद्ध दोन राजांचे, अटलांटिकच्या दोन काठांवरचे होते. ते युरोपभर पसरले त्याला कारण हॅनोव्हर. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही मालक. समुद्रावर मार खाल्लेला फ्रान्स हॅनोव्हरवर चालून येईल, ही न्यूकॅसलची भीती. तिच्यावर उतारा म्हणून सप्टेंबर १७५५मध्ये त्याने रशियाशी करार केला: आम्ही पैसे देतो, तुम्ही ५५ हजार फौज तयार ठेवा. त्या फौजेची धास्ती घेतली प्रशियाच्या फ्रेडरिकने. मागून रशिया, पुढून ऑस्ट्रिया, मध्ये आपण. त्याने घाईघाईने जानेवारी १७५६मध्ये इंग्लंडशीच तह केला की जर्मनीत परकी फौज कोणी येऊ द्यायची नाही. जर्मनीत शांतता राखण्याचा हा तह. पण फ्रान्सच्या जिव्हारी लागला, कारण फ्रेडरिक त्यांचा जुना दोस्त. रशियाची महाराणी एलिझाबेथही चिडली, कारण ती फ्रेडरिकचा द्वेष करी आणि त्याच्यावर चालून जाण्यासाठीच तिने इंग्रजांचा पैसा घ्यायचे कबूल केले होते.

या क्षणाची वाट व्हिएन्नात एक बाई सोळा वर्षे पाहत होती. मारिया थेरेसा १७४०मध्ये गादीवर आली आणि काही आठवड्यांतच फ्रेडरिकने तिचा सायलेशिया प्रांत गिळला. तो परत घेण्यासाठी तिचा प्रधान कौनिट्झ याने कोणाला सुचले नसते ते मांडले: ऑस्ट्रियाने अडीचशे वर्षांचे वैर विसरून फ्रान्सचा हात धरावा. पॅरिसमध्ये आधी कोणी ऐकून घेत नव्हते. आता ऐकले. १ मे १७५६ला व्हर्सायमध्ये तह झाला. म्हणजे ओहायोतल्या किल्ल्यासाठी लढणारा फ्रान्स सायलेशियासाठी लढणाऱ्या ऑस्ट्रियाशी बांधला गेला. त्याच महिन्यात मिनोर्का बेटाच्या वादावरून इंग्लंडने फ्रान्सशी युद्ध जाहीर केले आणि २९ ऑगस्टला फ्रेडरिकने, आपल्याला घेरण्याआधी आपणच घाव घालावा म्हणून, सॅक्सनीत फौज घुसवली. त्याने जे टाळायला हा घाव घातला तेच घडले: ऑस्ट्रिया, रशिया, फ्रान्स आणि पाठोपाठ स्वीडन, सगळे त्याच्यावर आले.

न्यूकॅसल, फ्रेडरिक, एलिझाबेथ यांच्यापैकी जगभर युद्ध व्हावे अशी इच्छा कोणाचीही नव्हती. करारांचे मसुदे वाचले तर प्रत्येकात शांतता, रक्षण, सुरक्षितता हेच शब्द आहेत.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळतो.

पाँडिचेरीचा फ्रेंच गव्हर्नर डुप्ले याला फ्रान्सने १७५४मध्ये परत बोलावले आणि मद्रास-पाँडिचेरीच्या इंग्रज-फ्रेंचांनी तात्पुरता तह केला. पण हैदराबादेत निजाम सलाबतजंगाच्या दरबारी फ्रेंच सेनानी बुसी ठाण मांडून होता, त्याच्या कवायती पलटणी आणि तोफखान्यासह. अमेरिकेत युद्ध पेटण्याची चिन्हे दिसताच लंडनमध्ये बेत शिजला: पेशव्यांशी हातमिळवणी करावी, मुंबईहून फौज चढवावी, बुसीला दख्खनमधून हुसकावावे. त्यासाठी रॉबर्ट क्लाइव्ह १७५५च्या शेवटी सैन्य घेऊन मुंबईत उतरला. ॲडमिरल वॉटसनही आपल्या युद्धनौका घेऊन आला. मुंबईकर इंग्रज मात्र कचरले, कारण मद्रासचा तह मोडल्यासारखे होईल. फौज आली, आरमार आले, आणि काम उरले नाही.

काम नानासाहेब पेशव्यांकडे होते. कोकणातल्या आरमाराचा धनी तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. कोकणचे सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी इंग्रजांशी आधीच संधान बांधले होते आणि १७५५च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेतला गेला होता. उरला विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसनच्या नौका वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी आल्या. फ्रेंचांवर चालवायला आणलेल्या तोफा मराठ्यांच्या सर्वांत बळकट जलदुर्गावर चालल्या, आणि त्या चालवायला मराठ्यांच्याच पेशव्यांनी बोलावले होते.

तुळाजीच्या गुराबा आणि गलबते खाडीत एकमेकांना दोरखंडांनी बांधून ठेवलेली होती. एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे मूळचे इंग्रजांचेच जहाज, आंग्र्यांनी कधीकाळी धरलेले. ते पेटले आणि आग दोरांवरून पुढे सरकत गेली. काही तासांत कान्होजी आंग्र्यांच्या काळापासून उभे राहिलेले आरमार पाण्याच्या रेषेपर्यंत जळाले. तुळाजी तहाच्या बोलण्यासाठी रामाजीपंतांच्या गोटात गेला होता. तो पुढे जन्मभर पेशव्यांच्या कैदेतच राहिला. क्लाइव्हने आपली माणसे किल्ला आणि मराठी फौज यांच्या मधोमध उभी केली, म्हणजे किल्ला मराठ्यांच्या हाती पडायचा नाही. १३ फेब्रुवारीला किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण चढले. सुमारे दहा लाख रुपयांची लूट मिळाली. तिचे वाटे कसे करायचे ते इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईतून निघण्याआधीच ठरवले होते आणि त्यात मराठ्यांचा हिस्सा नव्हता. पुढे ऑक्टोबरात बाणकोट देऊन विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. जळालेले आरमार कुठल्याच तहात परत मिळणार नव्हते.

विजयदुर्गाच्या तिहेरी तटावर उभे राहून खाडीकडे पाहताना मला नेहमी वाटते, की नानासाहेबांना आपण एका उद्दाम सरदाराला वठणीवर आणतो आहोत एवढेच दिसत होते. आपण ओहायो आणि सायलेशियाच्या गाठीत आणखी एक दोर अडकवतो आहोत, हे पुण्यात बसून दिसणे कठीणच होते. पण समोर उभ्या असलेल्या परक्या नौकांचा आकार तर दिसत होता. ती चूक मला आजही टोचते.

त्याच नौका, तोच वॉटसन, तोच क्लाइव्ह तिथून मद्रासकडे गेले. ऑगस्टमध्ये खबर आली की बंगालच्या सिराजउद्दौलाने कलकत्ता घेतला. तो का चिडला? अनेक कारणे होती. त्यांतले एक असे, की फ्रेंचांशी युद्ध होणार या अंदाजाने कलकत्त्याचे इंग्रज परवानगी न घेता तटबंदीची डागडुजी करत होते. नबाबाने थांबा म्हटले, तर गव्हर्नर ड्रेकने कळवले की आम्ही फ्रेंचांविरुद्ध तयारी करतो आहोत. आपल्या राज्यात दोन परके व्यापारी एकमेकांविरुद्ध किल्ले बांधतात आणि आपल्याला तसे बिनदिक्कत कळवतात, यावर नबाबाने आणखी काय करायला हवे होते?

वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी २ जानेवारी १७५७ला कलकत्ता परत घेतला. त्याच महिन्यात युरोपात युद्ध जाहीर झाल्याची पक्की बातमी पोचली, सात-आठ महिन्यांची शिळी. हुगळीच्या काठी थोडे वर चंद्रनगर, फ्रेंचांचे. तिथले फ्रेंच म्हणत होते, युरोपात काय व्हायचे ते होवो, गंगेवर आपण शांत राहू. नबाब त्यांना वाचवू शकला असता. पण त्या जानेवारीत अहमदशहा अब्दालीने दिल्ली लुटली आणि तो पूर्वेकडे येईल या धास्तीने सिराजला इंग्रज हवेसे वाटू लागले. काबूलकडून आलेल्या वादळाचा फायदा असा लंडनच्या कंपनीला झाला. २३ मार्चला चंद्रनगर पडले. वॉटसनचे ‘केंट’ जहाज, ज्याने वर्षभरापूर्वी विजयदुर्गावर मारा केला होता, इतके खिळखिळे झाले की पुन्हा समुद्रात गेले नाही. बरोबर तीन महिन्यांनी प्लासी.

युरोपातल्या लढाया मी इथे भराभर ओलांडतो. रॉसबाख, लॉयटन, कुनर्सडॉर्फ यांवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत. गाठीच्या दृष्टीने महत्त्वाचा तो पैसा. १७५८पासून इंग्लंडचा मंत्री विल्यम पिट याने फ्रेडरिकला दर वर्षी ६ लाख ७० हजार पौंड धाडले, म्हणजे फ्रान्सचे सैन्य जर्मनीत गुंतून राहावे. ते गुंतले. १७५८च्याच नोव्हेंबरात फ्रेंचांनी फोर्ट ड्युकेन स्वतःच जाळून सोडला; त्या जागेवर आज पिट्सबर्ग आहे. सेनेगल त्याच वर्षी गेले. १७५९मध्ये क्वेबेक पडले आणि नोव्हेंबरात कीबरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमार फुटले. आरमार नाही म्हणजे कुमक नाही, कॅनडाला नाही आणि पाँडिचेरीलाही नाही.

या कुमकीच्या टंचाईचा धागा थेट उदगीरला येतो. पाँडिचेरीला आलेला फ्रेंच सेनापती लाली याने १७५८मध्ये बुसीला हैदराबादेहून बोलावून घेतले. मद्रास जिंकायची होती आणि माणसे पुरत नव्हती. बुसी गेला, सलाबतजंगाचा आधार गेला. इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतले तसा सलाबतजंग त्यांच्याशी तह करून मोकळा झाला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी नव्या धन्याच्या शोधात फिरत अखेर मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले आणि साठ लाखांचा मुलूख घेतला. त्याच्या पंधरवडाभर आधी, २२ जानेवारीला, वांदिवाशला एअर कूटने लालीचा पराभव केला होता आणि बुसी पकडला गेला होता. भाऊंचा पराक्रम खराच. पण त्यांच्यासमोर जो निजाम उभा होता, त्याचा फ्रेंच कणा आधीच कोणी तरी काढून नेला होता. त्याच विजयाच्या भरात, त्याच गारद्याच्या तोफांवर भरवसा ठेवून, फौज उत्तरेला निघाली.

पानिपत १४ जानेवारी १७६१ला झाले. पाँडिचेरी १६ जानेवारीला इंग्रजांच्या स्वाधीन झाली. दोन दिवसांत हिंदुस्थानातल्या दोन मोठ्या सत्तांचा कणा मोडला आणि तिसरी सत्ता त्या दोन्ही ठिकाणी बाजूला उभी राहून नव्हे, तर एका ठिकाणी लढून आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती वाट पाहून मोठी झाली.

शेवटची गाठ स्पेनची. हरत चाललेल्या फ्रान्सने १७६१मध्ये स्पेनला बरोबर घेतले. दोन्हीकडे बूर्बाँ घराण्याचेच राजे. जानेवारी १७६२मध्ये इंग्लंडने स्पेनशीही युद्ध जाहीर केले आणि त्याच वर्षी मद्रासहून इंग्रज सेनानी विल्यम ड्रेपर जहाजे घेऊन स्पेनच्या ताब्यातल्या मनिलाच्या मोहिमेवर निघाला. बरोबर गोऱ्या पलटणीखेरीज मद्रासकडचे काही शे शिपाई होते. सप्टेंबरात ही जहाजे मनिलाच्या उपसागरात शिरली. तिथला कारभार आर्चबिशप रोहो याच्याकडे होता. आपला राजा इंग्लंडशी युद्धात आहे ही बातमीच त्याला अजून मिळालेली नव्हती. ६ ऑक्टोबरला मनिला पडली. ती पडल्याची बातमी युरोपात पोचली तेव्हा पॅरिसचा तह होऊन दोन महिने उलटले होते. तह १० फेब्रुवारी १७६३चा. त्यात मनिलाचे नावसुद्धा नव्हते. तहाच्या वेळी माहीत नसलेले मुलूख परत करायचे, या कलमाखाली १७६४मध्ये इंग्रज ती सोडून गेले.

मद्रासहून गेलेले सगळे शिपाई परतले नाहीत. काही जण मनिलाजवळच्या कैंता गावात राहिले, तिथल्याच बायकांशी लग्ने करून. ओहायो हे नाव त्यांनी कधी ऐकले नसेल. त्यांचे वंशज आजही त्या गावात आहेत.